नाल काढलेली घोडी

मामा, परवा नांदेडहून परत आल्यापासून तुमच्याशी बोलावं असं सारखं वाटतंय. तुम्ही होता तेव्हा आपण फार बोललो नाही. सासऱ्याला मामा म्हणायचं, डोक्यावरचा पदर सावरायचा आणि विचारलं तेवढंच सांगायचं, हे शिकूनच मी या घरात आले होते. पुढं जे काही बोललो ते घोडीच्या पायाशी बसून, आणि तेसुद्धा निम्मं तिलाच ऐकवल्यासारखं. तुम्ही म्हणायचा, "आज चाल मोकळी हाय हिची," आणि मी तिच्या पोटाकडं बघत म्हणायचे, "डावा पाय अजून जपून टाकतीय." आता तुम्ही नाही, ती घोडी नाही, माझेही केस पिकले. तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मधे ती उभी असल्याशिवाय जमत नाही. म्हणून तिच्यापासूनच सुरू करते.

मी लग्न होऊन आले ती भूकंपानंतर बांधलेल्या नव्या गावात. सरळ रेषेत आखलेली घरं, सगळी एकसारखी, रुंद रस्ते आणि सावली कुठंच नाही. घरं मिळून काही वर्षं झाली होती, तरी कितीतरी माणसं अंगणातच निजायची. तुम्ही तर बाराही महिने बाहेर. पत्र्याच्या उतरत्या छपराखाली बाज, पावसाळ्यात वरून ताडपत्री, आणि हाताच्या अंतरावर दाव्याला ती तांबडी घोडी. घरात तुम्ही पाऊल टाकत नव्हता. जेवणाचं ताट मी बाहेर बाजेवर आणून द्यायची. त्यामागचं कारण मला शेजारणींनी सांगितलं. भूकंपाच्या त्या पहाटे तुम्ही पिकाच्या राखणीला शेतावर होता आणि तेव्हा तरणी असलेली ही घोडी तिथंच बांधलेली होती. गावात दगडी भिंतींखाली आत्याबाई, मी न पाहिलेल्या माझ्या सासूबाई, गेल्या. हे तेव्हा लातूरला जीपवर कामाला होते म्हणून वाचले. तुम्ही माझ्यासमोर यातलं एक अक्षर कधी काढलं नाही.

घोडी विकावी असं ह्यांना सारखं वाटायचं. घरात जीप आल्यावर बाजाराला घोडीवर कोण जाणार, उगाच खाऊन उभी राहते, असं ते म्हणायचे. एकदाच, जेवताना, माझ्याकडं न बघता म्हणाले, "आई गेली आन् ही वाचली. मला तिच्याकडं बघवत न्हाई." मला त्यांचंही पटलं आणि तुमचंही. ज्या जनावरासोबत तुम्ही त्या पहाटे होता, त्याला नजरेआड करायची तुम्हाला भीती वाटत होती. घोडी कित्येक महिने अंगणाबाहेर गेलेली नव्हती. पायाखाली शहाबादी फरशी, चारी खुरांना लोखंडी नाल, पुढ्यात भिजवलेले हरभरे आणि गूळ. साखर कारखाना सुरू झाला की उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पाती. मान अशी जाड झाली होती, पुठ्ठा असा चकाकायचा की येणारा-जाणारा थांबून बघायचा. "घोडी ठेवावी तर तुमच्यासारखी," असं कुणी म्हणालं की तुम्ही तिच्या मानेवरून हात फिरवायचा. त्या दिवशी रात्री तिला मूठभर गूळ जास्त मिळायचा.

उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. सकाळी अंगण झाडताना बघते तर घोडीचं उभं राहणं वेगळंच. पुढचे दोन्ही पाय लांब पुढं टाकलेले आणि सगळा भार मागच्या पायांवर, जणू कुणी तिला तापल्या तव्यावर उभं केलंय. मी झाडू टेकवून हाक मारली तर मान वळली, पाय हलले नाहीत. तुम्ही उठून तिच्या खुराला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "पोरी, लई गरम हाय," असं म्हणालात. तोवर तुम्ही मला नुसतं "ए" म्हणत होता. पोरी म्हणालात ते तेव्हा पहिल्यांदा.

जनावरांचे डॉक्टर आले ते तरुण होते, उदगीरला शिकून नुकतेच नोकरीला लागलेले. त्यांनी खुराच्या वरच्या बाजूला बोटं ठेवली, मग माझा हात ओढून तिथं ठेवला. आत धमनी ठोके मारत होती, धावून आलेल्या माणसाच्या छातीसारखी. त्यांनी विचारलं, "बाबा, काय खायला घालता?" तुम्ही सगळं सांगितलं. हरभरे, गूळ, वाढे, सणासुदीला पुरणाचा गोळा. तुमच्या आवाजात अभिमान होता. डॉक्टर म्हणाले, "बाबा, ही उपाशी राहून मेली नसती. खाऊन मरायला लागलीय."

मग त्यांनी आपल्याला समजावून सांगितलं. आपलं नख जसं मांसाला धरून असतं तसं घोड्याचं खूर आतल्या हाडाला धरून असतं. बसून खाल्लेल्या गोडानं आणि दाण्यानं ती पकड सुजते, सैल होते. मग हाड आतल्या आत खाली झुकतं, आणि एकदा का ते तळव्यातून बाहेर आलं की इलाज नाही. दाणा बंद, गूळ बंद, वाढे बंद, नुसतं वाळलेलं गवत. पायाखाली फरशी नको, जाड वाळू पाहिजे. नाल काढायचे, वाढलेलं पुढचं टोक मागं घ्यायचं. दुखणं ओसरलं की मऊ जमिनीवर थोडं थोडं चालवायचं, आणि चालायला लागली की मोकळं सोडायचं. "घोड्याचं खूर चालण्यानं जगतं," ते म्हणाले. "बांधून ठेवू नका."

तुम्ही एवढंच विचारलंत, "मोकळी सोडू? आन् गेली कुठं तर?"

"पाय बरे झाले तरच जाईल ना कुठं," डॉक्टर म्हणाले.

त्या दुपारी ह्यांनी जीप अंगणात उलटी घातली आणि मागं भरून आणलेली ओढ्याची वाळू फरशीवर ओतली. कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही बाजेवरून बघत राहिलात. त्यानंतर घोडी विकायचा विषय ह्यांनी पुन्हा काढला नाही.

औशाचे नालबंद चाचा दुसऱ्या दिवशी आले. वर्षानुवर्षं त्यांनीच तिला नाल ठोकले होते. घोडीची अवस्था बघून त्यांनी टोपी काढून घाम पुसला. म्हणाले, "मालक, आज पहिल्यांदा ठोकायला न्हाई, उपटायला आलो." एकेक खिळा त्यांनी असा हळू काढला की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही, आणि मधेमधे घोडीला म्हणत होते, "बस बेटा, झालं, झालं." चारी नाल निघाले तेव्हा तिनं वाळूत पाय रुतवले आणि मोठा श्वास सोडला. चाचांनी कानस घेऊन पुढचं टोक घासलं आणि तुम्हाला सांगितलं, "हे आठ-आठ दिवसांनी थोडं थोडं घासावं लागंल. एकदम कापून चालत न्हाई. मी महिन्या-दीड महिन्यानं येतो, मधलं घरातल्यानं करायचं." तुम्ही हात पुढं केलात. ते थरथरत होते. भूकंपापासून ते थरथरायचे, हे तोवर मला माहीतच नव्हतं, कारण तुम्ही ते कायम घोडीच्या अंगावर टेकवलेले असायचे. ह्यांनी मान खाली घातली. मी पाण्याची बादली धरून उभी होते. चाचांकडं बघून मीच म्हणाले, "मला दाखवा."

चाचांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही घोडीकडं बघितलंत. नाही म्हणाला नाहीत.

मी लुगड्यासारखा कासोटा मारून साडी नेसले. घोडीच्या शेपटीकडं तोंड करून उभं राहायचं, खांद्यापासून हात खाली नेत जायचा, तिनं पाय उचलून दिला की गुडघ्यांत धरायचा. आधी तळव्याच्या खाचांतली घाण कोरून काढायची आणि वास घ्यायचा, कुजल्याचा वास आला तर जागा ओली राहतेय असं समजायचं. तळव्यामधला रबरासारखा त्रिकोण कापायचा नाही, त्याच्यावर घोडं चालतं. गावात बोभाटा झालाच. एक म्हातारे येऊन तुम्हाला म्हणाले, "सून घोडीचं पाय धरून बसती, शोभतं का?" तुम्ही म्हणालात, "तुझी सून म्हशीचं शेण काढती, ती शोभती का? जा घरला." मी तोंडात पदर धरून हसले होते. तुम्हालाही हसू येत होतं, असं मला वाटलं. खात्री नाही.

पण घोडी सुधारेना. गवतावर असूनही खूर पुन्हा गरम. एका दुपारी मी खिडकीतून बघितलं तर तुम्ही धोतराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून तिच्या ओठांशी धरला होता. ती तुमचा तळवा चाटत होती आणि तुम्ही तिच्या कपाळाला कपाळ लावून उभे होता. मी हरभऱ्याचं पोतं आणि गुळाची ढेप स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते. पाठीमागं सावली पडली म्हणून वळले तर तुम्ही आत आला होता. चौकट ओलांडून, स्लॅबखाली, चुलीपासून दोन हातांवर. या घरात तुम्हाला छताखाली बघितलं ते मी त्या दिवशी, आणि पुन्हा कधी नाही.

"कुलूप कुणी लावलं?"

"मी."

"माझ्या जनावराच्या तोंडचा घास काढणारी तू कोण?"

मी उठून उभी राहिले. हाताला पीठ होतं, पदर सरकला होता, सावरला नाही. म्हणाले, "मामा, तुम्ही असंच करत राहिलात तर तुमच्या हातानं मरल ती."

तवा धुरकटला तरी मी भाकरी उलटली नाही. तुमच्या तोंडाकडं बघत राहिले. तुमचे ओठ हलले. मग तुम्ही वर बघितलंत, छताकडं, कुठं उभे आहोत ते तेव्हाच लक्षात आल्यासारखं. हात भिंतीला टेकवून टेकवून तुम्ही बाहेर गेलात. मी दारात आले तर तुम्ही बाजेवर बसला होता, घोडीकडं पाठ करून. तसं बसलेलं मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं.

पुढचे किती दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. ताट भरलेलं जायचं, रिकामं यायचं. धोतराची गाठ मात्र मोकळी दिसायची. मग एका सकाळी तुम्ही ह्यांच्या जीपमध्ये पुढं जाऊन बसलात, "लातूरला येतो," म्हणालात. हे इतके दचकले की कुठं, कशाला, काही न विचारता निघाले. संध्याकाळी तुम्ही बाजेवर बसून काहीतरी घासत होता, थरथरत्या हातांनी. ती नवी कानस होती. तिची लाकडी मूठ पुरुषाच्या पंजाची, ती तुम्ही काचेच्या तुकड्यानं तासून बारीक केली आणि वर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. अंधार पडायच्या आत बाहेरूनच हात लांबवून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "चाचाची लई जड पडती तुला." 

त्यानंतर घोडी खरोखर सुधारायला लागली. खुराच्या वरच्या काठाला आजाराची एक आडवी रेघ उमटली होती. नवं खूर वरून वाढत आलं तशी ती खाली खाली सरकत गेली. रेघेच्या वरचं खूर गुळगुळीत, सरळ. रेघेच्या खालचं जुनं, पसरट. दर आठवड्याला घासताना तुम्ही बाजूला बसून विचारायचा, "कुठवर आली?" आणि मी बोटानं दाखवायची. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ती पार टोकाला आली आणि एके दिवशी कानशीखाली झिजून गेली.

तोवर मी तिला रोज शेताकडं न्यायला लागले होते, आधी दोरीनं, मग मोकळी. तुम्ही गल्लीच्या टोकाला बसून वाट बघायचा. घोडीची वाट ठरलेली असायची. काळ्या रानातून निघायची आणि जुन्या गावाकडच्या मुरमाड रस्त्याला लागायची. तिथली जमीन टणक, बारीक खड्यांची, बिननालीच्या खुरांना ती आवडायची. एका दिवशी मागं वळून बघते तर तुम्हीही येत होता, काठी टेकत, बरंच अंतर ठेवून. मी थांबले नाही, तुम्हाला अवघड वाटलं असतं. जुन्या गावात बाभळी माजल्या होत्या, दगडांचे ढीग गवताखाली गेले होते. घोडी चरायला लागली. तुम्ही एका ढिगाजवळ आलात, काठीनं गवत बाजूला केलंत आणि म्हणालात, "हितं चूल होती."

मी "हाव" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? आपण तिघं तिथं ऊन उतरेपर्यंत होतो.

त्यानंतर बरीच वर्षं तुम्ही राहिलात. गेलात ते थंडीच्या दिवसांत, दिवसाढवळ्या, बाजेवर. मी घोडीला घेऊन रानात होते. परत आले तर अंगणात माणसं जमली होती आणि कुणीतरी दावं माझ्या हातातून घेतलं. घोडी तुमच्यामागं खूप जगली. तिला पुन्हा नाल बसला नाही.

आता मी दुसऱ्यांच्याही घोड्यांचे पाय करते, मामा. लातूरचे वरातीचे घोडेवाले बोलावतात, मुरुडचा एक शेतकरी बोलावतो, जत्रेआधी तर सवड मिळत नाही. हे जीप घेऊन येतात, दोर धरून उभे राहतात. सगळ्यांचेच नाल मी काढत नाही. दिवसभर डांबरावर चालणाऱ्याचं वेगळं असतं, मालकाची ऐपत आणि जागा बघावी लागते. पण दाणा कमी करा, कोरड्यात बांधा, रोज चालवा, आठवड्याला पाय उचलून बघा, हे सगळ्यांना सांगते. तोंडावर सांगते. घोडेवाले म्हणतात, बाईची जीभ कानशीसारखी हाय.

परवा नांदेडहून एका सुनेचा फोन आला. तिचे सासरे पूर्वी टांगा चालवायचे. टांगे बंद झाले तरी त्यांनी शेवटची घोडी ठेवली होती, आणि तिचं एक शिंगरू. घोडी उठत नाही, म्हणाली. आम्ही पोचलो तर तिथले डॉक्टर आधीच आले होते. घोडी आडवी पडली होती, पुढ्यात न खाल्लेल्या गूळरोट्या. मी पाय मांडीवर घेऊन तळवा पुसला. पुढच्या बाजूला चंद्रकोरीसारखी चीर होती आणि तिच्यातून हाड दिसत होतं. दोन्ही पुढच्या पायांना तसंच. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून मान हलवली, मीही हलवली. इंजेक्शन देऊन तिला मोकळं करण्यापलीकडं काही उरलं नव्हतं.

सुनेचे सासरे, ते टांगेवाले चाचा, घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी डॉक्टरांना काहीच विचारलं नाही. मला विचारलं. "बेटी, खरं बोल. माझ्या हातानं झालं का हे?"

मामा, मी तोंड उघडलं. खरं काय ते मला ठाऊक होतं. त्यांच्या बोटांना गूळ लागलेला होता. मी म्हणाले, "न्हाई चाचा. वय झालं होतं तिचं."

त्यांनी डोळे मिटले आणि घोडीच्या कानात काही म्हणाले. मग डॉक्टर पुढं आले.

नंतर मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. सून चहा टाकत होती, हुंदके आवरत. तिला मी सगळं सांगितलं. शिंगराला गूळ नाही, हरभरा नाही, दिवसभर बांधायचं नाही, नाल ठोकायची घाई नाही, खूर उचलून द्यायची सवय आतापासून लावायची. कानस कशी धरायची तेही दाखवलं. ती शहाणी आहे, एकदा सांगितलेलं धरते. तिनं विचारलं, "अब्बांना सांगू का, कशानं झालं?" मी म्हणाले, "त्यांना कशाला? तुम्ही करा."

परतीच्या वाटेवर लोहा गाव मागं पडलं. मग हे रस्त्याकडं बघत म्हणाले, "बाबांना तर तोंडावर बोलली होतीस." म्हणजे इतकी वर्षं त्यांना ते माहीत होतं. तुम्ही सांगितलं होतंत का? लातूरला जाताना, त्या जीपमध्ये? मी विचारलं नाही.

तुम्हाला बोलले ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. तसं बोलले नसते तर घोडी गेली असती. पण तेव्हा मी विशीतली होते, माझं कुणी गेलेलं नव्हतं. आपल्याच हातातून आपलं माणूस जातंय, हे आत्याबाईंनंतर आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकायला काय लागतं, ते मला कुठून कळणार? ते मला परवा कळलं, त्या अंगणात, त्या म्हाताऱ्याच्या बोटांकडं बघताना. त्याला खरं सांगायला हवं होतं की नाही, ते मला ठरवता येत नाही. डॉक्टर म्हणतील, हवं होतं. तुम्ही काय म्हणाला असता, याचा परवापासून अंदाज बांधतेय, तोही लागत नाही.

हे पाठवायचं कुठं? तुम्ही असता तरी हातात दिलं नसतं. गोठ्यात बसून बोलले असते, तेही कुठल्यातरी घोड्याकडं बघत. तरी एक सांगते. लोक मला विचारतात, हे काम कुठं शिकलात. मी तुमची गोष्ट सांगते. नाल काढल्याची, कानशीची, खुरावरून खाली उतरत गेलेल्या रेघेची. ऐकणारे हमखास विचारतात, पण ती घोडी आजारी कशानं पडली होती? इतकी वर्षं झाली, मामा, मी दरवेळी एकच सांगत आलेय. ऊन लागलं होतं तिला.